गणपतीच्या कारखान्यात नेट का अडखळतं

पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर पट्ट्यात घर आणि गणपतीचा कारखाना पुष्कळदा एकाच आवारात असतात. घरासाठी घेतलेलं इंटरनेट कारखान्याचं कधी होऊन जातं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मूर्तीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, मंडळाचे कार्यकर्ते डोळ्यांची आखणी व्हिडिओ कॉलवर पाहायला मागतात, परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मेलनं जातात, शेडमध्ये कॅमेरे लागतात. मग एक दिवस नेट अडखळू लागतं आणि घरात एकच उपाय सुचतो: पन्नासचा प्लॅन शंभरचा करा, शंभरचा दोनशेचा करा. हा उपाय क्वचित लागू पडतो. प्लॅन वाढवला की कंपनीकडून तुमच्या दारापर्यंत येणारा वेग वाढतो. दारापासून शेडमधल्या मोबाइलपर्यंतची वाट जशी होती तशीच राहते, आणि कारखान्यात अडचण बहुधा याच वाटेवर असते. म्हणून पैसे वाढवण्याआधी आणि कंपनीशी भांडण्याआधी ही वाट तुकड्यातुकड्यानं तपासावी, असं माझं म्हणणं आहे. त्यातला पहिला तुकडा आपल्याच छपराखालचा असतो, आणि तो फुकटात, कुणाचीही वाट न पाहता तपासता येतो.

तपासायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. ‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीत तीन वेगळे आजार दडलेले असतात. पहिला वेगाचा: फाइल उतरायला वेळ लागतो, पण लागतो तो सारखा लागतो. दुसरा विलंबाचा: वेग चाचणीत आकडा छान दिसतो, पण कॉलवर आपण बोलल्यावर समोरच्याचं उत्तर उशिरा येतं. तिसरा तुटण्याचा: सगळं नीट चालतं आणि मधेच दोन मिनिटं काहीच चालत नाही. विलंब मोजायला मोबाइलवर ‘पिंग’ दाखवणारं कुठलंही अ‍ॅप पुरतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जोह्याहून मुंबई शंभर किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे जाऊन येण्याचा निव्वळ प्रवास एका मिलिसेकंदाचा. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरूनही मुंबईतल्या सर्व्हरचं उत्तर दहा-वीस मिलिसेकंदांत यायला हवं. ते दीडशे-दोनशेवर जात असेल तर तो वेळ अंतरात जात नाही. तो तुमच्या वायफायमध्ये किंवा कुठल्यातरी रांगेत जातो आहे. उलट न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळाशी बोलताना दोनशे मिलिसेकंदांचा विलंब दिसला तर तो दोष नव्हे. अंतरच साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन येण्यात सव्वाशे मिलिसेकंद सरळ रेषेतच जातात, आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. तेवढ्यासाठी कुणी प्लॅन वाढवला तर पैसे वाया जातील.

आता पहिली कसोटी. लॅपटॉप राउटरला साध्या लॅन केबलनं जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातली बाकी सगळी उपकरणं पाच मिनिटं तोडा आणि वेग मोजा. ब्राउझरमध्ये चालणारी वेग चाचणी कुठलीही चालेल. मग केबल काढून राउटरजवळच उभं राहून वायफायवर मोजा, आणि त्यानंतर शेडमध्ये मूर्ती रंगवायला बसता तिथे मोजा. या तीन आकड्यांत बहुतेक उत्तर सापडतं. केबलवर पूर्ण वेग आहे आणि शेडमध्ये दहावा हिस्सा मिळतो, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. केबलवरच वेग नसेल तर वायफायवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्लॅन दोनशे-तीनशेचा आणि केबलवर आकडा दर वेळी चौऱ्याण्णव-पंच्याण्णवला येऊन थांबत असेल, तर वेग अडवणारी कंपनी नाही. लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली किंवा राउटरचा पोर्ट जुना असला की जोडणी हजारऐवजी शंभरावर चालते, आणि शंभरातून हातात एवढंच पडतं. नवी केबल टाकली की प्रश्न संपतो. आणखी एक गोंधळ इथेच निस्तरून टाकू. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइल उतरताना दिसणारा आकडा बाइटमध्ये. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबी उतरत असतील, तर तो पूर्ण वेग झाला.

कारखान्यातली खरी गंमत शेडमध्ये आहे. बाजारातला राउटर सिमेंटच्या भिंतींच्या दोन-तीन खोल्यांसाठी बनवलेला असतो, आणि आपण त्याला लोखंडी पत्रा, ओलं प्लास्टर आणि वैशाखातलं ऊन यांच्यात नेऊन बसवतो. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. घरात राउटर आणि मध्ये पत्र्याची भिंत असेल तर पलीकडे मिळतं ते फटीतून झिरपलेलं. ओल्या मूर्तीत पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. वाळलेल्या मूर्तीचा त्रास बराच कमी. म्हणूनच पौष-माघात, शेड अर्धी रिकामी असताना, ज्या कोपऱ्यात वायफाय बरं चालत होतं, तिथेच आषाढात छतापर्यंत फळ्यांवर मूर्ती लागल्या, पावसाळी हवेत माल वाळेना झाला, की ते चालेनासं होतं. मालक म्हणतो, ‘सहा महिन्यांपूर्वी याच राउटरवर नीट चालायचं, म्हणजे कंपनीनंच वेग कमी केला.’ तक्रार प्रामाणिक आहे, निष्कर्ष घाईचा. राउटर तोच असला तरी त्याच्यासमोरची शेड बदलली आहे. केबलवरची चाचणी पौषात आणि आषाढात सारखीच आली, तर कंपनी या आरोपातून सुटते.

वायफायचे दोन पट्टे असतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, भिंतीतून बरा जातो, पण अरुंद आणि गर्दीचा आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या चार घरांचे राउटर, ब्लूटूथचा स्पीकर, चहा गरम करायचा मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच बोलतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा आहे, पण भिंतीला लवकर हार मानतो. राउटरला दोन्ही पट्टे असतील तर त्यांना वेगळी नावं द्या, घरातला टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा, शेडमधला मोबाइल २.४ वर. राउटर एकाच पट्ट्याचा असेल तर त्यातून तीस-चाळीसच्या वर फारसं मिळणार नाही, मग दारात तीनशे येवोत की पाचशे. जुना राउटर बदलायला प्लॅनच्या एका वर्षाच्या फरकापेक्षा कमी खर्च येतो का, हा हिशेब प्रत्येकानं स्वतः मांडून पाहावा.

धुळीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण तिचा त्रास घरगुती मार्गदर्शनात कुठे लिहिलेला नसतो. प्लास्टरची पूड, घासकामाचा भुगा, कॉम्प्रेसरवरच्या रंगाचा फवारा हे सगळं कारखान्याच्या हवेत असतं. राउटरच्या जाळीत ते बसलं की आतली उष्णता बाहेर पडत नाही. असे घरगुती राउटर साधारण चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली, छताच्या उंचीवर, तापमान सहज त्याच्या वर जातं. मग दुपारी नेट तुटतं आणि संध्याकाळी आपोआप बरं होतं. त्याहून नाजूक जागा फायबरच्या जोडणीची आहे. काचेच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याचा व्यास सुमारे नऊ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. प्लास्टरचा एक कण त्याहून मोठा असू शकतो. साफसफाईत कुणी हिरव्या किंवा निळ्या टोकाची ती वायर ओढून काढली, शर्टाला पुसली आणि परत खुपसली, तर प्रकाशाच्या वाटेत कण अडकतो. नेट पूर्ण बंद पडत नाही, दुबळं होतं, आणि हे अर्धवट दुखणं शोधायला सर्वांत अवघड. ही वायर करंगळीभोवती गुंडाळल्यासारखी वळवून खिळ्याला बांधली तरी तेच होतं, प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. त्यामुळे फायबरचा बॉक्स शेडमध्ये लावूच नये. तो घरात, सावलीत, धुळीपासून लांब असावा आणि तिथून पुढे शेडपर्यंत दुसरी सोय करावी. एक सूचना सक्त: फायबरचं मोकळं टोक डोळ्यासमोर धरून पाहू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

या बॉक्सवरचे दिवे वाचता आले तरी निम्मं काम होतं. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर प्रकाश पोचतो आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून पुरेसा प्रकाश येतच नाही. अशा वेळी बॉक्स दहा वेळा बंद-चालू करू नका, काही होणार नाही. सरळ तक्रार नोंदवा. पॉन हिरवा आहे आणि इंटरनेटचा दिवा मात्र विझलेला, तर दोष कंपनीच्या खात्यात किंवा तिच्या यंत्रणेत आहे. बऱ्याच बॉक्समध्ये ब्राउझरवरून आत गेल्यावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो, डीबीएममध्ये, उणे चिन्हासह. साधारण उणे आठ ते उणे सत्तावीस ही चालणारी मर्यादा, आणि दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. उणे वीस असणारा आकडा पावसानंतर उणे सव्वीसवर गेला, तर प्रकाश एक चतुर्थांश उरला. नेट अजून चालत असेल, पण कुठेतरी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय किंवा खांबावरच्या वायरवर फांदी पडलीय. कनेक्शन घेतल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवला असेल तर फायबरवाल्याशी पुढचं सगळं बोलणं सोपं जातं.

यावर एक आक्षेप लगेच येतो: ‘बॉक्स बंद करून चालू केला की ठीक होतं, मग एवढा व्याप कशाला?’ ठीक होतं हे खरं. पण बरं झालं म्हणजे कारण कळलं असं नाही, आणि ज्याला दिवसातून दोनदा बंद-चालू करावं लागतं तो बॉक्स आजारीच आहे. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ दिसतो, म्हणजे तो किती वेळ अखंड चालू आहे. नेट मघाशी तुटलं आणि अपटाइम वीस मिनिटांचा असेल, तर राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झालाय. तेव्हा अ‍ॅडॉप्टर, वीज किंवा उष्णता तपासा. कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मंद होत असतील आणि त्याच क्षणी नेट जात असेल, तर कारण हाताशी आलं. राउटर दुसऱ्या वीजजोडावर घ्या किंवा त्याला छोटा डीसी यूपीएस लावा. अपटाइम बारा दिवसांचा असेल आणि तरी नेट तुटलं असेल, तर राउटर निर्दोष आहे, दोष पुढे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्य इथे पाळायचं. राउटरची जागा, वाहिनी आणि केबल एकाच दिवशी बदलली तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही, आणि महिन्यानं दुखणं उलटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ‘माणसं वाढली, कॅमेरे वाढले, मग वेग वाढवायला नको?’ हवा असेलही, पण हिशेब करून. एचडी व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. कॅमेऱ्यांचं मात्र वेगळं आहे. डीव्हीआरवर साठवणारा कॅमेरा नेट फारसं खात नाही, पण क्लाउडवर सतत पाठवणारा रात्रंदिवस खातो. दोन एमबीपीएसनं पाठवणारे चार कॅमेरे धरले तर सेकंदाला आठ मेगाबिट, दिवसाला सुमारे ८६ जीबी, महिन्याला अडीच हजार जीबींच्या वर. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही बहुधा महिन्याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम पडतो. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट बसत असेल तर आधी हे तपासा. शिवाय हा सगळा माल वर जाणारा आहे. ज्या जोडणीत अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतो, विशेषतः हवेतून येणाऱ्या फाइव्ह-जी जोडणीत, तिथे अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही अडखळतं, कारण प्रत्येक उतरणाऱ्या गोष्टीची पोच वर पाठवावी लागते. परीक्षा सोपी आहे. एक मोठा व्हिडिओ वर चढवायला लावा आणि तेवढ्यात पिंग पाहा. पंधराचं पाचशे झालं, तर रांग तुमच्याच घरात लागलीय. कॅमेऱ्यांचा दर्जा एक पायरी खाली आणा, हालचाल झाली तरच चित्रण पाठवा, फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा ठेवा. एवढं करूनही रांग राहिली, तर प्लॅन वाढवण्यात शहाणपण आहे.

दोष शेडपर्यंतच्या वाटेत सापडला तर उपाय कोणता? लोक पहिल्यांदा सॉकेटमध्ये खुपसायचा एक्स्टेंडर आणतात. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तो लावतात शेडमध्ये, जिथे मूळ सिग्नलच मेलेला असतो. दुबळा सिग्नल पुढे पाठवून दुबळाच राहतो. चांगला मार्ग म्हणजे केबल टाकून शेडमध्ये वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, कारखान्यांना तेवढं अंतर बहुधा पुरतं. पण दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेण्यात कोकणात एक धोका आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर तो झटका केबलमधून दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. घर आणि शेड वेगळ्या इमारती असतील तर मधला तुकडा फायबरचा घ्यावा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. काचेतून वीज वाहत नाही. त्यासाठी लोखंडी तार नसलेली फायबर मागून घ्या, नाहीतर आधाराची तारच वीज घेऊन येईल. अ‍ॅक्सेस पॉइंट फवाऱ्याच्या जागेपासून दूर, माणसाच्या डोक्याच्या वर पण पत्र्यापासून खाली, प्लास्टिकच्या जाळीदार डब्यात ठेवावा. लोखंडी डब्यात ठेवला तर केलेलं सगळं पाण्यात.

घरातलं सगळं तपासून झालं, केबलवरही वेग नाही, मग बाहेर पाहायचं. इथे वेळेचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. फायबरच्या जीपॉन पद्धतीत कंपनीच्या एका पोर्टचा सुमारे अडीच गिगाबिटचा वेग बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. पहाटे सहाला पूर्ण आणि रात्री नऊला पाव वेग मिळत असेल, तर गर्दी तिथे किंवा त्याच्याही पुढे, कंपनीनं वरून घेतलेल्या जोडणीत आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाचा कॉल नेमका गर्दीच्या वेळेत येतो, आणि दुपारी येऊन वेग चाचणी करून ‘सगळं बरोबर आहे’ म्हणणारा तंत्रज्ञ खोटं बोलत नसतो, त्यानं पाहिलेली वेळ वेगळी असते. वेग चाचणी बहुधा जवळच्या सर्व्हरशी होते हेही ध्यानात घ्या. जवळचा रस्ता मोकळा आणि लांबचा तुंबलेला असू शकतो. म्हणून आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र असे केबलवरचे आकडे एका वहीत तारखेसह लिहा, स्क्रीनशॉट ठेवा.

‘पैसे आम्ही भरतो, मोजमाप आम्ही का करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि तत्त्वतः त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. व्यवहारातलं उत्तर एवढंच, की ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर कंपनी ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हणून मोकळी होते, आणि ‘केबलवर, रात्री नऊ वाजता, सात दिवस, शंभरपैकी अठरा’ या तक्रारीवर तसं म्हणता येत नाही. गावात जोडणी केबलवाल्याकडून असली तरी बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिची जबाबदारी आहे. बिल मिळत नसेल तर ते आधी मागा. तक्रार फोनवर न ठेवता नोंदवा आणि डॉकेट क्रमांक घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो देणं बंधनकारक आहे. निराकरण पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क जाता येतं, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्याउपर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक आयोगही. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकत नाही, असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा ग्राहकाच्या बाजूनं निकालात काढला.

काही दुखणी मात्र कुठल्याही वहीनं बरी होणार नाहीत. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तर सगळा पट्टा अंधारात जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे वीज आणि फोन कित्येक दिवस नव्हते. श्रावण-भाद्रपदात, मूर्ती न्यायला गाड्या दारात उभ्या असताना, असा एक दिवसही महाग पडतो. म्हणून दुसरी वाट वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या जातीची ठेवावी: घरात फायबर असेल तर दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम. एकाच कंपनीचं फायबर आणि सिम घेतलं तर दोन्ही एकाच तुटलेल्या केबलवर बसलेली असू शकतात. यूपीआयच्या बोलक्या डब्यात बहुधा स्वतःचं सिम असतं. ते कुठल्या कंपनीचं आहे ते पाहून ठेवा, आणि शेडच्या कुठल्या कोपऱ्यात त्याला रेंज येते ते मूर्ती भरलेल्या असताना पाहा.